कुठली पुट्टी लावू, हा प्रश्न सगळ्यात शेवटी

उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट असावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. झोपायच्या खोलीतल्या एका भिंतीचा रंग जमिनीपासून दोन फुटांपर्यंत पोपडे येऊन सुटतोय आणि हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघाली आहे. बाकीच्या भिंतींवर जुना चकचकीत ऑइल पेंट आहे, खिळ्यांची भोकं आहेत आणि मागच्या डागडुजीची थिगळं उठून दिसतात. रंगारी म्हणतो, दोन हात लांबी (म्हणजे पुट्टीचे दोन थर) भरली की सगळं झाकलं जाईल, चार दिवसांचं काम आहे. पुट्टी कुठली घ्यावी आणि चार दिवस पुरतील का, हे तुम्हाला हवंय.

शेवटी एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, की पोपडे आलेल्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे. माझ्या लेखी अख्ख्या प्रश्नात तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

रंग भिंतीला चिकटतो असं आपण म्हणतो, पण तो चिकटतो त्याच्या लगेच खालच्या थराला. तो थर त्याच्या खालच्याला, आणि असं करत करत विटेपर्यंत. या साखळीत जो थर सगळ्यात कच्चा, तिथून सगळं सुटतं. वर लावलेली पुट्टी कितीही भारी असली तरी ती त्या कच्च्या थरासकट खाली येते. म्हणून तयारी म्हणजे भिंत झाकणं नव्हे, कच्चा थर कुठे आहे ते शोधून तिथपर्यंत खाली जाणं. तुमच्या खोलीत हा कच्चा थर तीन ठिकाणी तीन वेगळ्या कारणांनी आहे, त्यामुळे तिन्हीचा इलाज वेगळा.

आधी ओलीचं बघू. भिंतीत पाणी शिरलं की ते वीट, वाळू आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून घेतं आणि पृष्ठभागाकडे येतं. तिथे पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तीच तुमची पांढरी भुकटी, ज्याला आपण खार फुटला म्हणतो. हे क्षार रंगाच्या वर साचले तर नुसते दिसायला वाईट. रंगाच्या किंवा पुट्टीच्या मागे साचले, तर त्यांचे स्फटिक वाढताना वरचा थर अक्षरशः उचलून फेकतात. पोपड्याच्या मागची बाजू बघा, तिथे पांढरं पीठ दिसलं तर हेच झालंय.

खार पाण्याने धुऊ नका. धुतला की तो विरघळून परत गिलाव्यात जातो आणि पुढच्या खेपेला पुन्हा बाहेर येतो. कोरड्या ताठ ब्रशने झाडायचा, खाली कागद अंथरून गोळा करायचा आणि टाकून द्यायचा.

पण हे सगळं पाणी थांबल्यानंतरचं. न्हाणीघरातून ओल येत असताना झोपायच्या खोलीतून ओलरोधक रंग थापणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. असा थर पाणी अडवतो हे खरं, पण अडलेलं पाणी गप्प बसत नाही. ते वर चढतं किंवा बाजूला सरकतं. दोन फुटांवरची ओल वर्षभरात तीन फुटांवर गेलेली मी किती वेळा पाहिली त्याची गणती नाही.

मग पाणी कुठून येतंय ते कसं ओळखायचं? दोन दिवस न्हाणीघर वापरू नका, पण नळाला पाणी चालू असू दे. ओल तशीच ताजी राहिली तर भिंतीतल्या पाइपवर संशय घ्या, कारण त्यात कायम दाब असतो. घरात पाण्याचा मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि काही तासांनी पुन्हा बघा. आकडा हलला तर गळती आहेच. उलट वापर थांबवल्यावर डाग हळूहळू फिका पडू लागला, तर फरशी, फरशी आणि भिंतीतला सांधा, टाइल्सच्या फटी किंवा सांडपाणी जायच्या जाळीभोवतीची जागा तपासायची. जाळी घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास साठवून ठेवा आणि पलीकडच्या भिंतीवर डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढा. डाग रेघेबाहेर सरकला तर चोर सापडला. खाली कोणी राहत असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर चोराआधी शेजारी सापडतील.

जमिनीतून वर चढणारी ओल हा तिसरा प्रकार. ती तळमजल्यावरच संभवते, साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते आणि सहसा एका भिंतीवर न थांबता आजूबाजूच्या भिंतींवरही जवळपास सारख्या उंचीवर दिसते. तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर हा विषय इथेच सोडून द्या.

शंका राहिलीच तर सोपी परीक्षा आहे. साधारण दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन जमतेय, म्हणजे गळती नाही, हवा खेळती नाही. ही परीक्षा सगळं उकरायला काढण्याआधी करा. कपाटामागच्या बुरशीला गळती समजून लोक चांगली फरशी फोडून बसतात.

बुरशी असेल तर चार भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच घालून लावा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पुसा आणि वाळू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेला दुसरा कुठलाही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

गळती बंद झाली की लगेच काम सुरू करायची घाई होते. जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा असा की ओली भिंत महिन्याला साधारण इंचभर जाडी सुकते. ठोकताळाच तो, हवामानाप्रमाणे कमीजास्त होतो. पण नऊ इंची वीटकाम आठवड्यात कोरडं होत नाही एवढं त्यातून नक्की कळतं. तोवर सुटलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवा. डागाच्या रेषेवर थांबू नका, तिच्या वर फूटभर जा, कारण क्षार डागाच्या पुढेही पसरलेले असतात आणि क्षाराने भरलेला गिलावा हवेतली ओल ओढत राहतो. गळती थांबल्यावरही दमट दिवसांत डाग परत दिसतो त्याचं कारण हेच असतं.

आता बाकीच्या भिंती. संपूर्ण खोलीभर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत फिरा. भरीव भिंतीचा आवाज टणक येतो. गिलावा विटेपासून सुटला असेल तिथे आवाज बदबद येतो. असा भाग पेन्सिलने आखून घ्या. बॉलपेन किंवा स्केचपेन वापरू नका, त्यांची शाई पाण्याच्या रंगातून आरपार वर येते आणि मग नव्या भिंतीवर तुमच्याच खुणा दिसतात. तळहाताएवढा पोकळ भाग हलत नसेल, भेगाळला नसेल, तर मी त्याच्या वाट्याला जात नाही. दाबल्यावर हलतो तो काढलाच पाहिजे. काढताना कडा छिन्नीने सरळ कापा आणि आतून किंचित खोल घ्या, म्हणजे नवा मसाला कडेखाली अडकून बसतो.

भरताना एक चूक सर्रास होते. मजबूत व्हावं म्हणून लोक सिमेंट जास्त घालतात. असा मसाला सुकताना जास्त आकसतो, कडेने सुटतो आणि थिगळाभोवती केसासारखी भेग येते. आजूबाजूच्या गिलाव्यापेक्षा थिगळ कडक नसावं. सिमेंट गिलाव्यासाठी एक भाग सिमेंटला पाच भाग वाळू पुष्कळ झालं. आधी धूळ झाडा, जागा पाण्याने भिजवा, बाँडिंगच्या द्रवाचा पातळ हात द्या आणि तो चिकट असतानाच मसाला भरा. एका वेळी बारा मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. खड्डा खोल असेल तर पहिला थर ओरखडून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा भरा. सुतारकामाचा पांढरा गोंद बाँडिंग म्हणून वापरणारे पुष्कळ आहेत. कोरड्या जागी निभतं, पण तो ओलीने परत मऊ पडतो. तुमच्या न्हाणीघराकडच्या भिंतीला तो अजिबात नको. त्या भिंतीला पीओपी किंवा जिप्समही नको, ओल लागली की ते भुसभुशीत होतं. आणि घर जुनं असून गिलावा चुन्याचा असेल, तर डागडुजीही चुन्यानेच करा. चुना ओल आत-बाहेर सोडतो, सिमेंटचं थिगळ ती अडवतं आणि मग शेजारचा चांगला चुना खराब होतो.

सिमेंटचं थिगळ आठवडाभर ओलसर ठेवायचं, त्यानंतर वाळू द्यायचं. सगळे मिळून महिनाभर. ताज्या सिमेंटमध्ये तीव्र अल्कली असते. तिच्यावर ऑइल पेंट लावला तर तेलाचा साबण होतो आणि रंग चिकट, मऊ राहतो. पाण्याचे रंगही फिके-गडद होतात. महिना थांबणं अशक्य असेल तर निदान अल्कलीला दाद न देणारा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) वापरा.

दाराच्या कोपऱ्यातल्या भेगेविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण मला तिच्यावर थोडं रेंगाळायचंय. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघणं फार सामान्य आहे. भिंतीत भोक पाडलं की ताण त्याच्या कोपऱ्यांत गोळा होतो. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते, पण ते गृहीत धरायचं नाही. भेगेला आडवी पेन्सिलची रेघ मारा, शेजारी तारीख आणि रुंदी लिहा, भेगेचं टोक जिथे संपतं तिथेही खूण करा. एक मोसम बदलू द्या. रुंदी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, भेग भिंतीच्या दोन्ही अंगांना एकाच जागी असेल, एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आली असेल, दार अचानक अडकू लागलं असेल किंवा खुणा ओलांडून भेग वाढत असेल, तर रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

यातलं काही नसेल तर भेग आपणच भरायची. आणि भरण्याआधी ती मोठी करायची. हे ऐकून घरमालकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण हिशोब साधा आहे. दार आपटतं, उन्हाने भिंत फुगते, गारव्याने आकसते, त्यामुळे भेगेच्या दोन कडा अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे हलतात असं धरा. केसासारखी भेग वरून पुट्टीने बुजवली तर तो अर्धा मिलिमीटर झेलायला मधे काही मालच नाही, त्यामुळे पुट्टी त्याच रेषेत फुटते. भेग पाच मिलिमीटर रुंद उघडली आणि लवचीक अ‍ॅक्रिलिक फिलर भरला, तर तेच हलणं पाच मिलिमीटरवर वाटलं जातं. म्हणजे फिलरला दहा टक्के ताणायचंय, आणि तेवढं चांगला फिलर सहज ताणतो. तेव्हा भेगेला व्हीच्या आकारात खोदा, आतली धूळ ब्रशने पूर्ण काढा, प्रायमर लावा, फिलर दाबून भरा. सुकल्यावर वरून फायबरची जाळीची पट्टी लावा आणि तिच्यावर लांबी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट उतरती ओढा. एवढी रुंद का? अरुंद ओढली की मधे वरंबा राहतो आणि संध्याकाळी दिवा लागला की तो सावली टाकतो. तुमची मागची थिगळं उठून दिसतात ती याच कारणाने. ती कडेने घासून काढा आणि पुन्हा रुंद ओढून घ्या. बीम आणि वीटकाम जिथे मिळतं तिथली आडवी सरळ भेग हीसुद्धा याच जातीची, फक्त तिला जाळी आणखी रुंद लागते, दोन्ही अंगांना चार-पाच इंच.

खिळ्यांची भोकं किरकोळ काम. खिळा किंवा प्लास्टिकचा गट्टू काढा, भोकाभोवती वर आलेली कड हातोडीच्या मुठीने आत दाबा, फिलर किंचित फुगीर भरा कारण तो बसतो, आणि दुसऱ्या दिवशी घासा. टूथपेस्टचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या.

आता ऑइल पेंट. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. नवा असताना एका घरात चकचकीत ऑइल पेंटवर मी थेट पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन हात ओढली, वर सुंदर रंग दिला. बिल घेतलं, कौतुकही झालं. दोन महिन्यांनी फोन आला. कॅलेंडर काढायला गेले तर खिळ्याबरोबर वहीच्या पानाएवढा तुकडा भिंतीवरून सुटला होता, आणि त्याखाली माझ्या आधीचा ऑइल पेंट आरशासारखा चकाकत होता. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीला पाणी शोषणारी, खरबरीत भिंत लागते. तिथे ती मुळं धरते. ऑइल पेंट काहीच शोषत नाही, त्यामुळे ती नुसती टेकून बसते. सगळी खोली मी पदरमोड करून पुन्हा केली.

मग पूर्ण ऑइल पेंट खरवडायचा का? नाही. जो घट्ट आहे तो उत्तम पाया आहे. घट्ट आहे का ते बघायला धारदार सुरीने फुलीसारखे दोन काप द्या, चांगली टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर रंग आला तर तो भाग खरवडा. नाही आला तर डिटर्जंटच्या पाण्याने तेलकटपणा धुवा, साध्या पाण्याने पुसा, वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासा. त्यावर चकचकीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर, आणि मग अ‍ॅक्रिलिक पुट्टी. रंग ऑइलचा आहे की नाही याचीच खात्री नसेल तर फडक्यावर स्पिरिट घेऊन चोळा. पाण्याचा रंग फडक्याला येतो, ऑइलचा येत नाही. खरवडताना खाली चुना किंवा साधं डिस्टेंपर निघालं, हाताला खडूसारखं लागलं, तर मात्र दयामाया नको. भिजवून, खरवडून, धुऊन पूर्ण काढा. त्याच्यावर काहीही टिकत नाही.

एक गोष्ट घासायला सुरुवात करण्याआधी वाचा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. वेगवेगळ्या देशांत त्यावर बंधनं वेगवेगळ्या काळात आली, त्यामुळे घर जुनं असेल तर आधी तपासून घेतलेलं बरं. शंका असेल तर कोरडं घासू नका, रंग जाळून काढू नका, पाणी मारत मारत घासा. लहान मुलं आणि गरोदर बाई काम होईपर्यंत त्या घरात नकोत. शिसं नसलं तरी पुट्टी आणि गिलाव्याची धूळ फुफ्फुसाला वाईटच. तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही, एन-९५ दर्जाचा मास्क घाला.

आता कुठे तुमच्या पुट्टीकडे येतो. उघड्या, कोरड्या सिमेंट गिलाव्यावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी: भिंत हलकी ओली करून, तासा-दोन तासांत संपेल एवढीच कालवून. जुन्या रंगावर अ‍ॅक्रिलिक पुट्टी: आधी प्रायमर, आणि भिंत ओली करायची नाही. दोन्ही पातळच ओढायच्या. दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास, जास्त नाही. पुट्टी गुळगुळीत करायला असते, खड्डे भरायला नाही. एक हात उभा, दुसरा आडवा. सुकल्यावर १५०चा, मग २२०चा पॉलिश पेपर. आणि हे सगळं टॉर्च भिंतीला समांतर धरून तपासत जा. समोरच्या उजेडात भिंत नेहमी सरळच दिसते. खोट काढायची असेल तर उजेड तिरका हवा.

घासून झालं की भिंतीवरून तळहात फिरवा. पांढरा झाला तर त्या धुळीलाच प्रायमर चिकटणार आहे. ओलसर फडक्याने पुसून घ्या. प्रायमर सगळ्या भिंतीला द्या, नुसता थिगळांना नको. पुट्टीची जागा आणि जुना रंग वेगवेगळा शोषतात, आणि दोन हात रंगानंतरही थिगळाची जागा निस्तेज ढगासारखी वर येते. पाण्याचे तपकिरी डाग, धुराचा पिवळेपणा, गंजलेल्या खिळ्याची खूण हे साध्या पाण्याच्या प्रायमरमधून हमखास वर येतात. तेवढ्या जागेला डाग अडवणारा ऑइल किंवा शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर लावा. प्रायमरनंतर टॉर्चने पुन्हा एक फेरी मारा, कारण सगळं एकरंगी झाल्यावरच खऱ्या खोटी दिसतात. राहिलेल्या जागा भरा, घासा, तिथे पुन्हा प्रायमर. एवढं करूनही भिंत थोडी उंचसखल राहिली असेल तर मॅट रंग घ्या. चमकदार रंग प्रत्येक खोट चारचौघांत सांगतो.

आणि चार दिवस? ओल नसलेल्या तीन भिंती, भेग स्थिर आहे आणि सिमेंटचं नवं थिगळ लागलं नाही असं धरून, सहा-सात दिवसांत नीट होतील, कारण प्रत्येक थराला सुकायला वेळ द्यावा लागतो. न्हाणीघराकडची भिंत या खेपेला रंगवू नका. गिलावा काढून, खार झाडून, उघडी ठेवा, पलंग तिच्यापासून हातभर लांब ओढा. दर पंधरा दिवसांनी प्लास्टिकचा तुकडा लावून बघा. सलग दोनदा आतून कोरडा निघाला की नवा गिलावा करून घ्या, वर सांगितल्याप्रमाणे तो महिनाभर मुरू द्या आणि मग रंगाऱ्याला फोन करा. त्या भिंतीपुरता रंग आत्ताच त्याच डब्यातला बाजूला काढून, झाकण घट्ट लावून ठेवा, म्हणजे चौथी भिंत वेगळ्या छटेची होणार नाही.